दाखला कोणाच्या नावाचा?

(अवसरी बुद्रुक येथे महिला गट व आरोग्य कार्यकर्त्यांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. – सं.)



आज सकाळपासून आपण अंगात रक्त कमी असणं, अंगावरून पांढरं जाणं, पिशवी काढण्याची ऑपरेशनं, औषधांच्या किमती यांवर बोललो. आता माझ्याकडे आलेला विषय आहे 'औषधांवर संशोधन करणाऱ्यांच्या कामाचं मोजमाप'. ऐकायला तो फार लांबचा वाटतो. प्रयोगशाळा पुण्या-मुंबईत, जर्नलं इंग्रजीत, आकडे कॉम्प्युटरवर. त्यात अवसरीच्या बाईचा काय संबंध?

संबंध आहे. कोणत्या आजारावर औषध शोधायचं, प्रयोगशाळेत कोणाला जागा द्यायची, कोणाच्या माहितीला शास्त्र म्हणायचं आणि कोणाच्या माहितीला 'आजीबाईचा बटवा' म्हणून हसून सोडून द्यायचं, हे बरंचसं या मोजमापावर ठरतं. शिवाय आता आपल्या मुली बी.एस्सी. करताहेत, बी.फार्मसी करताहेत. शेजारी अवसरी खुर्दला सरकारी तंत्रनिकेतन आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. उद्या यातल्या काही मुली संशोधनात जातील आणि या मोजपट्टीसमोर उभ्या राहतील. तेव्हा ती पट्टी काय मोजते आणि काय मोजत नाही, हे आपल्याला माहीत हवं.

मी स्वतः रसायनशास्त्राची नाही. समाजकार्याचं शिक्षण घेऊन आरोग्याच्या प्रश्नावर बायकांबरोबर काम करते. त्यामुळे या विषयाकडे मी त्या बाजूनंच बघणार आहे.

दाखला म्हणजे काय?

दाखला हा शब्द आपल्याला चांगला ओळखीचा आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला. दाखला नसेल तर तुम्ही खिडकीसमोर उभ्या असूनही सरकारदरबारी तुम्ही नसताच. संशोधनातही असंच असतं. शास्त्रज्ञ आपलं काम लेखाच्या रूपात जर्नलमध्ये छापतात. पुढे दुसरं कोणी त्या विषयावर लिहितं, तेव्हा लेखाच्या शेवटी यादी देतं – अमुक गोष्ट मी अमक्यांच्या अमुक सालच्या लेखातून घेतली. या उल्लेखाला इंग्रजीत सायटेशन म्हणतात. आपण त्याला दाखलाच म्हणू.

हे दाखले पद्धतशीर गोळा करण्याची कल्पना अमेरिकेतल्या यूजीन गारफील्ड यांची. त्यांच्या संस्थेनं 1964 साली विज्ञानातल्या दाखल्यांची मोठी सूची काढली. हेतू साधा होता. एखादा लेख पुढे कोणी कोणी वापरला याचा माग लागावा, वाचणाऱ्याची सोय व्हावी. पण सोयीसाठी आणलेल्या वस्तूचा पुढे तराजू झाला. आधी जर्नलांना गुण मिळायला लागले, मग माणसांना. 2005 मध्ये हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं माणसाचं सगळं काम एका आकड्यात बसवायची युक्ती सुचवली. तिला एच-इंडेक्स म्हणतात. समजा एखाद्या बाईनं 40 लेख लिहिले आणि त्यातल्या 12 लेखांना प्रत्येकी निदान 12 दाखले मिळाले, तर तिचा आकडा 12. बाकीच्या 28 लेखांत काय आहे, हे तो आकडा विचारत नाही.

आज नेमणूक, बढती, संशोधनाला मिळणारा पैसा या सगळ्यांत असे आकडे बघितले जातात. जगातल्या 'वरच्या दोन टक्के' शास्त्रज्ञांची यादी निघते आणि त्यात आपल्याकडच्या कोणा प्राध्यापकांचं नाव आलं की वर्तमानपत्रात फोटोसह बातमी येते. औषधी रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांची ओळख करून देतानाही इतके लेख, इतके हजार दाखले, इतका एच-इंडेक्स असं सांगितलं जातं. त्यांनी शोधलेलं औषध कोणाच्या पोटात गेलं, कोणाला गुण आला, किंमत कोणाला परवडली, हे त्या ओळखीत सहसा नसतं.

मोजण्याला माझा विरोध नाही. आपणही मोजतो. गावात किती बायकांचं रक्त तपासलं, किती जणींना गोळ्या मिळाल्या, हे मोजल्याशिवाय आपण आरोग्य केंद्रात भांडू शकत नाही. आणि ज्या कामाचा आधार शेकडो जणांनी घेतला, ते काम काही फुकाचं नसतं. पण कोणतंही माप हातात घेतलं की विचारायचं – यातून काय सुटतं? आणि सुटतं ते नेहमी त्याच त्या माणसांचं का सुटतं?

एका बाईची दोन नावं

आपल्या मराठीतलंच उदाहरण घेऊ. कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. लेखिका दुर्गाबाई भागवत यांची ही धाकटी बहीण. दुर्गाबाई आपल्याला माहीत असतात, कमलाबाई फारशा नसतात.

वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्र शिकलेले, तेही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये. कमलाबाईंनी 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. केली आणि त्याच संस्थेत अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सी. व्ही. रामन. नोबेल मिळून त्यांना तीन वर्षं झाली होती. त्यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई परत फिरल्या नाहीत. दारात धरणं धरल्यासारख्या अडून बसल्या, तेव्हा अटी घालून प्रवेश मिळाला. पहिलं वर्ष रीतसर विद्यार्थिनी मानणार नाही, काम पसंत पडलं तर पुढचं बघू, आणि पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. शेवटची अट नीट ऐका. लक्ष पुरुषांचं, अट बाईला!

श्रीनिवासय्या या शिक्षकांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं, 1936 मध्ये एम.एस्सी. मिळवली. मग केंब्रिज. तिथं बटाट्यावर काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की प्राणवायू वापरून शक्ती तयार करण्याच्या क्रियेत भाग घेणारं सायटोक्रोम सी हे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असतं. आपल्या सातगाव पठारावर ज्याच्या गोण्या भरून मंचरच्या बाजारात जातात, तोच हा बटाटा. त्यांचा प्रबंध होता जेमतेम 40 पानांचा. 1939 मध्ये पीएच.डी. मिळाली. विज्ञान विषयात ती मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पानं मोजणाऱ्यांनी हे 40 पानांचं लक्षात ठेवावं.

आता मोजमापाकडे येऊ. 1938-39 मध्ये इंग्लंडच्या 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये, 'नेचर'मध्ये त्यांचे लेख आले, ते 'के. भागवत' या नावानं. 1947 मध्ये लग्न झालं. मुंबईत रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. तिथून निघालेले लेख 'के. सोहोनी' या नावानं. दाखले मोजणाऱ्या यंत्राला सासर-माहेर कळत नाही. त्याच्या हिशोबी या दोन वेगळ्या व्यक्ती. एकीचं काम अर्ध्यावर थांबलं आणि दुसरी कुठून तरी मधेच उगवली. लग्नानंतर ज्यांचं नाव बदलत नाही, त्या पुरुष शास्त्रज्ञांच्या खात्यात सगळं एका जागी जमा होत जातं. बाईचं खातं दोन बँकांत फुटतं आणि दोन्हीकडे शिल्लक कमी दिसते.

हे फक्त कमलाबाईंचं नाही. रेशनकार्डावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, बँकेत तिसरं, यापायी आपण किती हेलपाटे घालतो! तोच प्रकार प्रयोगशाळेतही आहे, एवढंच मला सांगायचं आहे.

वालाची उसळ आणि 'नेचर'मधला लेख

मुंबईत कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काम केलं ते आपल्या रोजच्या अन्नावर. 1955 मध्ये आंबे या सहकाऱ्याबरोबर त्यांचा 'नेचर'मध्ये लेख आला, विषय होता वाल आणि डबल बी. आपण खाल्लेली प्रथिनं आतड्यात पचवायला ट्रिप्सिन नावाचं पाचक द्रव्य लागतं. कच्च्या वालात या ट्रिप्सिनला अडवून धरणारा पदार्थ असतो. तो त्यांनी स्फटिकाच्या रूपात वेगळा काढून दाखवला. उष्णतेनं अशा पदार्थांचा जोर मोडतो, म्हणून कडधान्य नीट शिजवून खायचं.

आता तुम्ही म्हणाल, हे आम्हाला माहीत आहे. वाल रात्री भिजत घालायचे, मोड आणायचे, सोलायचे, मग शिजवायचे. आपल्या आज्यांनी हे कोणत्याही जर्नलमध्ये वाचलं नव्हतं. पण दोन्ही ज्ञानं एकच आहेत, असंही मी म्हणणार नाही. काय केलं की वाल बाधत नाहीत, हे आजीला ठाऊक होतं. का बाधतात, नेमका कोणता पदार्थ बाधतो, हे कमलाबाईंनी शोधलं. दोन्ही लागतं. मला खटकतं ते एवढंच, की लेखाच्या शेवटच्या यादीत मागच्या शास्त्रज्ञांची नावं असतात आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे करून बघितलं त्यांना जागाच नसते. त्या यादीचा तसा साचाच नाही.

कमलाबाईंच्या कामातला आणखी एक भाग कोणत्याच दाखल्यात सापडत नाही. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर काम केलं. कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या आहारात नीरा दिली तर फरक पडतो का, हे बघितलं. त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या मुंबईच्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेत काम करू लागल्या. 1966 मध्ये नऊ बायकांनी मिळून ही संस्था काढली होती. कमलाबाई 1982-83 मध्ये तिच्या अध्यक्ष होत्या आणि संस्थेच्या 'कीमत' या मासिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत. शास्त्रज्ञ बाई सर्वसाधारण घरातल्या बाईसाठी लिहिते, हे माझ्या मते फार मोठं काम. पण दाखल्यांच्या हिशोबात 'नेचर'मधला लेख धरतात, 'कीमत'मधल्या लेखाला शून्य.

आणि ज्यांचं काम 'नेचर'मध्ये छापून येत होतं, त्यांना संस्थेचं संचालकपद मिळायला चार वर्षं उशीर झाला. बाई असणं हेच त्यामागचं कारण होतं, असं मानलं जातं. म्हणजे मोजपट्टीवर चांगल्या भरल्या तरीही दार लगेच उघडत नाही. आपल्या मुलींना 'तू फक्त चांगलं काम कर, बाकी आपोआप होईल' असं सांगताना हे ध्यानात ठेवायला हवं.

सागरगोटा, सर्पगंधा आणि हळद

औषधी रसायनशास्त्रातली आपल्या देशातली मोठी बाई म्हणजे कलकत्त्याच्या असीमा चॅटर्जी. 1944 मध्ये भारतीय विद्यापीठाची डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळवणारी पहिली स्त्री. 1975 मध्ये इंडियन सायन्स काँग्रेसच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. सुमारे 400 लेख त्यांच्या नावावर आहेत. सदाफुली, सर्पगंधा यांच्या वर्गातल्या वनस्पतींमधली द्रव्यं त्यांनी वेगळी काढली. जटामांसी आणि एका पाणवनस्पतीपासून फेफऱ्यावरचं औषध तयार केलं. मलेरियावरच्या त्यांच्या औषधात चार वनस्पती होत्या – सातवीण, काडेचिराईत, कुटकी आणि सागरगोटा. हो, आपण लहानपणी ओट्यावर बसून खेळायचो तोच सागरगोटा. तापावर तो उगाळून देणाऱ्या बायका गावोगाव होत्या. असीमाबाईंना मोजपट्टीवरही कोणी कमी म्हणू शकणार नाही. पण त्या बायकांची बेरीज कोणत्या रकान्यात करायची?

लेख कुठे छापला यावरही सगळं अवलंबून असतं. सर्पगंधेचंच बघा. वेड लागल्यावर, झोप न आल्यावर तिचं मूळ देण्याची आपल्याकडे जुनी रीत. 1931 मध्ये सेन आणि बोस या कलकत्त्याच्या डॉक्टरांनी तिचा गुण एका भारतीय वैद्यकीय मासिकात छापला. जगानं फारशी दखल घेतली नाही. 1949 मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचा अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला आणि सगळ्या जगाचं लक्ष तिकडे गेलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या कंपनीनं त्या मुळातलं रेसर्पिन वेगळं काढलं. वकिलांचं काम मोलाचंच होतं. पण वनस्पती तीच, देश तोच. फरक पडला तो जास्तकरून छापणाऱ्याच्या पत्त्यानं.

हळदीचा खटला तर तुम्हाला आठवत असेल. मार्च 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. कापलं-खरचटलं की हळद दाबणाऱ्या आपण सगळ्या त्या दिवसापासून जणू चोर ठरलो! त्याच वर्षी डॉ. रघुनाथ माशेलकर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख झाले, त्याआधी ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. परिषदेनं 1996 मध्ये त्या पेटंटला आव्हान दिलं. पण आव्हान द्यायचं कशाच्या आधारावर? कोट्यवधी बायका रोज हळद लावतात, हा पुरावा चालत नव्हता. लिखित, छापील आधार हवा होता. मग 32 संदर्भ गोळा केले. जुने संस्कृत ग्रंथ आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला 1953 चा एक लेख त्यांत होता. 1997 मध्ये पेटंट रद्द झालं.

आपण जिंकलो, याचा आनंद आहेच. पण विचार करा. कोट्यवधी बायकांच्या हातांची साक्ष अपुरी पडली आणि कागदावरच्या काही ओळी पुऱ्या पडल्या. शेतात बाई राबते आणि सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं, म्हणून बँकेच्या लेखी ती शेतकरी नसते. हळदीच्या बाबतीत सगळा देशच त्या बाईच्या जागी उभा होता.

आणखी एक उदाहरण बाहेरचं. चीनच्या तू यूयू यांनी 1970च्या दशकात जुन्या ग्रंथातला उल्लेख धरून एका झुडपापासून मलेरियाचं औषध शोधलं. त्यांच्याकडे पीएच.डी. नव्हती, परदेशी शिक्षण नव्हतं, मोठ्या विज्ञान अकादमीचं सदस्यत्व नव्हतं. तिथला पहिला लेख 1977 मध्ये निघाला तो गटाच्या नावानं, व्यक्तींची नावं न देता. त्या औषधानं लाखो लोक वाचले. नोबेल मिळालं 2015 मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी. मधली चाळीसेक वर्षं कोणी फक्त दाखले मोजत बसलं असतं, तर या बाई त्याला सापडल्या नसत्या.

आकड्याला बाळंतपण कळत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. हे मोजमाप बाई-पुरुषांना सारखं लागू होतं, म्हणून ते न्याय्य आहे का?

2013 मध्ये 'नेचर'मध्ये जगभरातल्या लाखो लेखांची पाहणी आली. लेखाच्या लेखकांमध्ये महत्त्वाच्या जागी बाईचं नाव असेल, तर त्या लेखाला दाखले कमी मिळतात, असं तीत दिसलं. 2017 मध्ये आणखी एक अभ्यास आला. पुरुष संशोधक स्वतःच्याच जुन्या लेखांचे दाखले बायकांपेक्षा 56 टक्के जास्त देतात, असं त्यात निघालं. बायकांना स्वतःचं नाव पुढे करायची सवय लावलेली नसते, हे आपल्याला ग्रामसभेतही दिसतं. लेखांच्या यादीतही तेच दिसलं.

त्यात संसार येतो. मूल झालं, कोणी आजारी पडलं, नवऱ्याची बदली झाली, की दोन-तीन वर्षं प्रयोगशाळेत जाणं होत नाही. लेख कमी, म्हणून दाखले कमी, म्हणून पुढचा पैसा कमी, म्हणून पुन्हा लेख कमी. आकड्याला बाळंतपण कळत नाही. निवड करणाऱ्या माणसांना तरी कळायला हवं, आणि ते आपोआप कळत नाही, आवाज उठवावा लागतो. जगभरातल्या शास्त्रज्ञांनीही तो उठवला आहे. जर्नलच्या गुणावरून माणसाची किंमत करू नका, काम वाचून ठरवा, असा जाहीरनामा सॅन फ्रान्सिस्कोच्या बैठकीतून निघाला आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झाला.

आणि आजारांचं काय? ज्या विषयावर जगात जास्त लोक लिहितात, त्या विषयाच्या लेखाला दाखले जास्त मिळणार, हे उघड आहे. मग नवा संशोधक कुठे वळेल? साप चावण्याचा प्रश्न घ्या. ऊस, कांदा, भाताच्या रानात अनवाणी काम करणाऱ्या बायकांना घोणस, मण्यार कशी भिववते, हे जुन्नर-आंबेगावला सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेनं सर्पदंशाला 'दुर्लक्षित आजारां'च्या मुख्य यादीत घातलं ते 2017 मध्ये! सापाला दुर्लक्ष करता येतं ते ज्यांना रानात जावं लागत नाही त्यांना.

पण आकडा आपल्या बाजूनंही उभा राहू शकतो. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगापैकी काही ना काही होतं आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. हा लेख 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. जगभरातल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी त्याचे दाखले दिले. बाईचं आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण आणि नसबंदी, ही समजूत मोडायला त्याचा उपयोग झाला. 'अंगावरून जातंय' हे शब्द बायका कुजबुजत बोलत होत्या, ते या लेखामुळे जगाच्या कानावर पडले. म्हणून दाखल्यांचा धिक्कार करून चालणार नाही. त्यांत आपली माणसं आणि आपले प्रश्न शिरले पाहिजेत.

आपण काय करायचं?

काही साध्या गोष्टी सुचवते.

पहिली, आपल्या मुलींसाठी. जी मुलगी संशोधनाकडे जाईल, तिनं पहिल्या लेखावर जे नाव छापलं तेच शेवटपर्यंत ठेवावं. लग्न झालं तरी. संशोधकांना आता ऑर्किड नावाचा फुकट ओळख क्रमांक मिळतो. नाव बदललं तरी काम एकाच क्रमांकाखाली जमा राहतं. तो पहिल्या वर्षीच काढून घ्यावा. आणि प्रयोग तिनं केला असेल तर लेखावर तिचं नाव कितव्या जागी आहे, हे विचारायला लाजू नये.

दुसरी, गावात माहिती विचारायला येणाऱ्यांसाठी. विद्यार्थी येतात, कंपनीची माणसं येतात. कोणता पाला कशावर देता, विचारून वहीत लिहून घेतात आणि निघून जातात. त्यांना चहा जरूर द्या. पण विचारा – तुम्ही कुठल्या संस्थेचे, ही माहिती कशासाठी, आमच्या गावाचं नाव त्यात येणार का, आणि छापून आल्यावर मराठीत आम्हाला कधी सांगणार? उत्तर मिळेपर्यंत सही-अंगठा देऊ नका.

तिसरी, नोंदीसाठी. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायत पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. आपल्या पंचायतीची वही आहे का, कोणी भरली, भरताना बायकांना विचारलं का, हे पाहा. आपल्याच तालुक्याच्या पश्चिमेला, आहुपे-भीमाशंकरच्या बाजूला महादेव कोळी बाया बाळहिरडा गोळा करतात, वाळवतात, व्यापाऱ्याला घालतात. हिरड्याच्या शास्त्रीय नावावरून त्यातल्या एका आम्लाचं नावही पडलं आहे, चेब्युलिनिक आम्ल. त्यावर जगभर लेख निघतात. हिरडा कधी काढायचा, किती दिवस वाळवायचा, कुठला चांगला, हे जिला कळतं तिचं नाव निदान तिच्या गावच्या वहीत तरी हवं. मात्र काय लिहायचं आणि काय गावापुरतं ठेवायचं, हे आधी बायकांनी बसून ठरवावं. एकदा लिहिलेलं सगळ्यांचं होतं.

चौथी गोष्ट जरा कडू आहे. आजीचं म्हणून सगळंच खरं, असं धरू नका. काही पाले उपयोगी असतात, काही निरुपयोगी, काही घातक. साप चावला तर मंत्र नको आणि पाला नको, तडक दवाखाना. आपल्या ज्ञानाची कोणी तपासणी केली तर तो अपमान नाही. तपासणी करून आपलं नाव खोडलं, तर तो अपमान आहे.

आणि शेवटची गोष्ट आपल्या गटांसाठी. आपण अहवाल लिहितो तेव्हा काय करतो? 'संस्थेने 200 महिलांची तपासणी केली' असं लिहून मोकळ्या होतो. ज्या सहा जणी उन्हातान्हात दारोदार फिरल्या त्यांची नावं कुठे असतात? शास्त्रज्ञांना नावं ठेवण्याआधी आपल्या कागदावर ही नावं येऊ द्या, अर्थात त्या बायकांना विचारून. आजारी बाईचं नाव गुप्त ठेवायचं आणि काम करणाऱ्या बाईचं नाव लिहायचं, एवढा फरक आपण नक्की करू शकतो.

जेवणानंतर गटचर्चा आहे. तीन प्रश्न घ्या. आपल्या गावात औषधाची माहिती असलेल्या बायका कोण? आपल्या पंचायतीची नोंदवही कुठे आहे? आणि आपल्या गटाच्या मागच्या अहवालात कोणाची नावं राहून गेली? प्रत्येक गटानं उत्तरं कागदावर लिहून आणावीत, आणि कागदाखाली लिहिणाऱ्या सगळ्यांची नावं घालावीत.